मँगो फ्लेवरमधलं निकोटिन

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मे २०१८ मध्ये ई-सिगारेटचं द्रव बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या तेरा जणांना इशाऱ्याची पत्रं धाडली. त्यातल्या एका मालाचं नाव होतं ‘वन मॅड हिट ज्यूस बॉक्स’. मुलं शाळेत डब्याबरोबर नेतात त्या सफरचंदाच्या रसाच्या खोक्यासारखंच त्याचं वेष्टन. दुसऱ्याचं नाव ‘व्हेप हेड्स सोअर स्मर्फ सॉस’. ते दिसायला तिकडच्या मुलांच्या आवडत्या आंबट गोळ्यांसारखं. तिसरं ‘व्हनिला कुकीज अँड मिल्क’, म्हणजे चक्क दूध-बिस्किटं. आत मात्र निकोटिन. घरातल्या चार वर्षांच्या पोराने रस समजून तोंडाला लावलं तर विषबाधा व्हावी, असा हा माल राजरोस विकला जात होता.

सिगारेट सोडू पाहणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी हे बनवलं, असं म्हणायला इथे जागाच उरत नाही. स्मर्फचं नाव वाचून कोणाचा हात पुढे होणार, हे ते छापणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

ई-सिगारेट हे तसं साधं उपकरण आहे. एक बॅटरी, एक तापणारी तार आणि द्रवाची छोटी टाकी. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वाद. झुरका ओढला की तार तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते फुप्फुसात जातात. हॉन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा पहिला नमुना तयार केला. तो स्वतः सिगारेट ओढायचा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही, हा या वस्तूचा खरा गुण. स्वादांचं काय? आंबा, व्हॅनिला, दालचिनीचे जे अर्क यात मिसळले जातात, ते खाण्यासाठी निर्धोक मानलेले असतात. पोटात निर्धोक असलेली वस्तू तापवून फुप्फुसात ओढल्यावर काय करते, हा वेगळा प्रश्न आहे. पाकिटावरच्या फळाच्या चित्राकडे पाहून त्याचं उत्तर मिळत नाही.

स्वादाने मुलं ओढली जातात, हे अमेरिकेला फार आधी कळलं होतं. बराक ओबामा यांनी २२ जून २००९ रोजी ज्या तंबाखू नियंत्रण कायद्यावर सही केली, त्याने त्याच वर्षी सप्टेंबरपासून फळांच्या, गोळ्या-चॉकलेटांच्या आणि लवंगेच्या स्वादाच्या सिगारेटी बंद झाल्या. मेंथॉल तेवढं सुटलं. पण त्या कायद्याने एफडीएच्या हाती थेट सोपवल्या त्या सिगारेट, हाताने वळायची तंबाखू आणि बिनधुराची तंबाखू. ई-सिगारेट एफडीएच्या कक्षेत आणायला वेगळी नियमावली हवी होती, आणि ती लागू व्हायला ८ ऑगस्ट २०१६ उजाडला. सात वर्षं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

जून २०१५ मध्ये जूल नावाचं ई-सिगारेटचं उपकरण बाजारात आलं. जेम्स मॉन्सीस आणि अ‍ॅडम बोवेन या स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या दोघांची ही निर्मिती. दिसायला हुबेहूब पेन ड्राइव्ह, लॅपटॉपला लावून चार्ज होणारं, मुठीत सहज मावणारं. वर्गात बाकावर पडलेलं असलं तरी बाईंना संशय यायचा नाही. खरी करामत मात्र रसायनात होती. शुद्ध निकोटिन जास्त घातलं तर घसा जळतो आणि नवखा माणूस पहिल्याच झुरक्याला खोकत बाजूला होतो. जूलने निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार बनवला. घसा जळणं कमी झालं, आणि भरपूर निकोटिन अलगद आत जाऊ लागलं. एका पॉडमध्ये, म्हणजे बदलता येणाऱ्या कुपीत, ०.७ मिलिलीटर द्रव आणि त्यात सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटिन. एक पॉड म्हणजे साधारण एक पाकीट सिगारेट, हा हिशेब कंपनीनेच दिलेला. वरून मँगो, मिंट, क्रेम ब्रूले, काकडी असे स्वाद. पूर्वी पहिल्या सिगारेटचा ठसकाच कित्येक मुलांना वाचवायचा. तो पहाराच इथे काढून टाकला गेला.

पंधरा-सोळाव्या वर्षी मेंदूची घडण चालू असते. ती पंचविशीपर्यंत चालते. या वयात निकोटिनची चटक लवकर लागते, आणि लक्ष लागणं, मनःस्थिती, स्वतःला आवर घालणं या साऱ्यावर तिचा परिणाम होतो. डॉक्टरांची मुख्य काळजी हीच आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत, म्हणजे नववी ते बारावीत, मागच्या महिनाभरात ई-सिगारेट ओढलेली मुलं ११.७ टक्के होती. २०१८ मध्ये २०.८ टक्के. २०१९ मध्ये २७.५ टक्के. चारातलं एकाहून जास्त! १२ सप्टेंबर २०१८ रोजी एफडीएचे तेव्हाचे आयुक्त स्कॉट गॉटलिब यांनी या लाटेला ‘साथ’ म्हटलं. त्याच दिवशी जाहीर झालं की उन्हाळ्यातल्या गुप्त तपासणीनंतर अल्पवयीनांना ई-सिगारेट विकणाऱ्या दुकानांना तेराशेहून अधिक इशारे आणि दंड बजावले गेले आहेत. तीन महिन्यांनी, डिसेंबरात, मार्लबोरो बनवणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने १,२८० कोटी डॉलर मोजून जूलचा ३५ टक्के हिस्सा घेतला.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये तीन आयांनी ‘पेरेंट्स अगेन्स्ट व्हेपिंग ई-सिगारेट्स’ ही संघटना काढली. निमित्त घडलं ते त्यांच्या मुलांच्या शाळेत. व्यसनाविषयी बोलायला बाहेरून एक वक्ता आला होता. नववीच्या वर्गात शिक्षक नसताना त्याने मुलांना जूल पूर्णपणे सुरक्षित असल्याचं सांगितलं, अशी साक्ष जुलै २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे झाली. राजा कृष्णमूर्ती त्या उपसमितीचे अध्यक्ष होते. साक्ष द्यायला संघटनेच्या एक संस्थापक मेरेडिथ बर्कमन होत्या, आणि त्या वर्गात बसलेली दोन मुलंही. दुसऱ्या दिवशी मॉन्सीस यांनी त्याच समितीला सांगितलं की आपला माल मुलांसाठी कधीच नव्हता. शाळांतले असे कार्यक्रम जूल कंपनीने त्याआधीच बंद केले होते. पुढे खटल्यांची रांग लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ राज्यं आणि प्रदेशांशी ४३ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड झाली. एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांच्यासह सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी आणखी ४६ कोटी २० लाखांची. पस्तिशीच्या आतला माणूस जाहिरातीत दाखवायचा नाही, अशी अट पहिल्या तडजोडीतच होती.

एक कंपनी जेरीला आली. पण मुलांच्या दप्तरातून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, गेलं का?

नियम नेमका कुठे फाटतो ते इथे दिसतं. २ जानेवारी २०२० रोजी एफडीएने जाहीर केलं की तंबाखू आणि मेंथॉल सोडून बाकी स्वादांच्या पॉडवाल्या ई-सिगारेटींवर कारवाई होईल. शब्द होता ‘कार्ट्रिज’, म्हणजे पॉडसारखी बदलता येणारी कुपी. वापरून फेकून द्यायची ई-सिगारेट, जिला कुपीच नसते, ती या प्राधान्यातून सुटली. बाजाराने ही फट हेरायला वेळ लावला नाही. ई-सिगारेट ओढणाऱ्या माध्यमिक विद्यार्थ्यांत अशी डिस्पोजेबल वापरणारे २०१९ मध्ये २.४ टक्के होते. २०२० मध्ये २६.५ टक्के झाले. पफ बार हे नाव मुलांच्या तोंडी बसलं. एफडीएने त्यालाही हटकलं, तेव्हा २०२१ मध्ये पफ बार पुन्हा अवतरलं ते नवी पाटी लावून: आमचं निकोटिन तंबाखूपासून काढलेलं नाही, ते प्रयोगशाळेत बनवलेलं आहे. कायद्यात व्याख्या तंबाखूपासून निघालेल्या निकोटिनची होती. रेणू तोच, चटक तीच, पण कागदावर वस्तू निराळी. ती व्याख्या दुरुस्त करायला संसदेला मार्च २०२२ उजाडला.

तोवर चीनमधून एल्फ बार येऊन पोहोचलं होतं. त्याच्या एका लोकप्रिय मॉडेलचं नाव बीसी ५०००. पाच हजार झुरके, असा दावा नावातच. त्यात १३ मिलिलीटर द्रव आणि पाच टक्के निकोटिन. ज्या जूलवरून एवढं रान उठलं त्याच्या एका पॉडमध्ये ०.७ मिलिलीटर होतं. म्हणजे एका मुलाच्या खिशात आता एकाच नळीत पंधरा पॉडहून जास्त निकोटिन आलं, तेही कलिंगड किंवा स्ट्रॉबेरी-मँगोच्या स्वादात, खेळण्यासारख्या गुलाबी-निळ्या रंगात. एका दाराला कुलूप लावलं तर दुसरं उघडलं, एवढ्यावरच हे थांबलं नाही. दुसऱ्या दारातून आलेला माल पहिल्याहून जालीम निघाला.

कागदोपत्री पाहिलं तर अमेरिकेचा नियम कडक आहे. नवी ई-सिगारेट विकायची तर आधी एफडीएची परवानगी हवी, आणि तिच्यामुळे समाजाच्या आरोग्याचा एकंदरीत फायदा होईल हे कंपनीने पुराव्याने दाखवायला हवं. किती मोठी माणसं सिगारेट सोडतील आणि किती मुलं नव्याने अडकतील, अशा दोन पारड्यांचा हा हिशेब आहे. ९ सप्टेंबर २०२० च्या मुदतीपर्यंत लाखो उत्पादनांचे अर्ज आले आणि त्यातले बहुतेक फेटाळले गेले. पहिली परवानगी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली, ती तंबाखूच्या स्वादाच्या व्ह्यूज या ई-सिगारेटला. मेंथॉलला जून २०२४ मध्ये, एनजॉय या कंपनीच्या मालाला. खुद्द जूलचा अर्ज २०२२ मध्ये फेटाळला गेला होता. फेरविचारानंतर जुलै २०२५ मध्ये त्याच्या तंबाखू आणि मेंथॉल स्वादांना मान्यता मिळाली. फळांच्या आणि मिठाईच्या स्वादाचे अर्ज नाकारले म्हणून असं द्रव बनवणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि अपील न्यायालयाने एफडीएलाच दोष दिला. अखेर २ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एफडीएच्या बाजूने कौल दिला. या खटल्यातल्या एका मालाचं नाव होतं ‘सुइसाइड बनी मदर्स मिल्क अँड कुकीज’. मुलाबाळांच्या आईने हे नाव एकदा शांतपणे वाचावं.

परवानगी नसलेला माल बेकायदा, हे आता निर्विवाद आहे. तरी तो येतोच. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर सीमाशुल्क खात्याने आणि एफडीएने १४ लाख ई-सिगारेटी पकडल्या. किंमत १ कोटी ८० लाख डॉलर. खोक्यांच्या कागदपत्रांवर कुठे ‘खेळणी’ लिहिलेलं, कुठे ‘बूट’. सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागोत त्याहून मोठा साठा सापडला: ४७ लाख नग, किंमत ८ कोटी ६५ लाख डॉलर. हा माल बंदरावर अडला नाही तर तो घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, तिथून पेट्रोल पंपाच्या दुकानात आणि व्हेप शॉपमध्ये, आणि मग एखाद्या मोठ्या भावाच्या किंवा वर्गमित्राच्या खिशातून शाळेत.

गल्ल्यावरची तपासणीही होते. वयाची अट २० डिसेंबर २०१९ पासून १८ वरून २१ झाली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून तिशीच्या आतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं फोटो असलेलं ओळखपत्र पाहणं दुकानदाराला बंधनकारक आहे. एखादा अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी निरीक्षकाबरोबर दुकानात जाते आणि माल मागते. आपली परीक्षा चालली आहे हे विक्रेत्याला माहीत नसतं. पहिल्यांदा सापडला तर इशारा, मग वाढत जाणारा दंड, आणि पुन्हा पुन्हा सापडला तर तंबाखूचा कुठलाही माल विकायला बंदी. ऑनलाइन विक्रीसाठी डिसेंबर २०२० मध्ये वेगळा कायदा झाला. पार्सल हाती देताना वय तपासायचं, आणि सरकारी टपालाने ई-सिगारेट पाठवायची नाही. हे सगळं हवंच. पण गल्ल्यावर बसलेला पोऱ्या तासाच्या मजुरीवर असतो आणि त्याच्या मागच्या फळीवर जे आहे ते कोणीतरी कंटेनर भरून पाठवलेलं असतं. सगळा भार त्या पोऱ्याच्या नजरेवर टाकून बंदोबस्त होणार नाही. आयातदार आणि घाऊक व्यापारी यांच्यापर्यंत हात पोहोचला तरच खालची फळी रिकामी होते.

म्हणूनच काही राज्यांनी वयाच्या तपासणीवर न थांबता स्वादालाच हात घातला. मॅसॅच्युसेट्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये मेंथॉल सिगारेटींसकट सगळ्या स्वादांच्या तंबाखूवर बंदी आणली; असं करणारं ते पहिलं राज्य. न्यू जर्सीने जानेवारी २०२० मध्ये स्वादाच्या ई-सिगारेटींपुरता कायदा केला. एडिसन आणि आसपासच्या गावांत हजारो मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळांतला हा रोजचा विषय. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२० चा, पण तंबाखू कंपन्यांनी तो जनमताला नेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ६३ टक्के मतदारांनी बंदीला होकार दिला.

विरुद्ध बाजूचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याला ई-सिगारेटने खरंच मदत होते. जगभरच्या चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा निष्कर्ष आहे की निकोटिनच्या चिकटवायच्या पट्ट्या आणि च्युइंगगमपेक्षा निकोटिनवाल्या ई-सिगारेटने जास्त लोक सिगारेट सोडतात. ब्रिटनची आरोग्यसेवा तर सिगारेट सोडवण्यासाठी ई-सिगारेट सुचवते. पण त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या ई-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली, त्याचं एक कारण म्हणजे मुलांच्या हातात त्याच दिसत होत्या. मोठ्या माणसाची सोय राखायची तर ती औषधाच्या शिस्तीने राखता येते. त्यासाठी दूध-बिस्किटांचा स्वाद लागत नाही.

आणि प्रयत्नांना फळ येतं, हेही आकड्यांत दिसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत ५० लाखांहून अधिक शाळकरी मुलं ई-सिगारेट ओढत होती. २०२४ मध्ये ती संख्या १६ लाख ३० हजारांवर आली. उरलेल्यांची स्थिती मात्र काळजीची आहे. त्यांतली ८७.६ टक्के स्वादाची ई-सिगारेट वापरत होती आणि २६.३ टक्के रोज ओढत होती. म्हणजे सहज चाखून पाहणारी बरीच मुलं बाहेर पडली. मागे राहिली त्यांत अडकलेली जास्त. अशा मुलांना शाळेतून निलंबित करून काही साधत नाही. ‘धिस इज क्विटिंग’ हा मोबाइलवर संदेश पाठवणारा कार्यक्रम १३ ते १७ वयाच्या मुलांवर तपासला गेला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सात महिन्यांनंतर त्या संदेशांच्या आधाराने ३७.८ टक्के मुलं व्हेपपासून दूर होती. तो आधार नसलेल्या गटात २८ टक्के. सुमारे दहा टक्क्यांचा हा फरक साध्या, न रागावणाऱ्या चार ओळींनी पडला.

भारताने वेगळा रस्ता धरला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला, आणि ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सगळंच बंद झालं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाख. साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी मुंबई-पुण्यात पानाच्या दुकानांवर छापे पडतात, गल्ल्याखालून रंगीत नळ्या निघतात, अशा बातम्या येत राहतात. महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही. गुटख्यावर इथे जुलै २०१२ पासून बंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

बंदीच्या या रस्त्यातही गिऱ्हाईक वयाने लहान असेल तर धोका मोठा. कायदेशीर दुकानच नसल्यामुळे वय विचारणारं कोणी नाही, आणि बेकायदा विकणारा आत काय भरलंय याची हमी देत नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं बिघडून २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, मृत्यू ६८. तपासात बोट गेलं ते मुख्यतः चोरट्या बाजारातल्या, गांजाच्या अर्काच्या कुप्यांकडे आणि त्यात भेसळ केलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे. मुलगा ‘ते नुसतं फ्लेवर असतं’ म्हणतो तेव्हा आत नेमकं काय आहे, हे त्यालाही माहीत नसतं.

भारतीय कायद्यातल्या शिक्षेचा रोख बनवणाऱ्यावर, आणणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. शाळेच्या कोपऱ्यावर किंवा इन्स्टाग्रामवरून कोणी व्हेप विकत असेल तर तक्रारीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये वेगळं संकेतस्थळ सुरू केलं आहे. पालक आणि मुख्याध्यापक दोघंही तिथे तक्रार करू शकतात. आणि मुलाच्या खिशात तशी नळी सापडली, तर घरात आरडाओरडा करण्याआधी १८००-११-२३५६ हा क्रमांक फिरवावा. तंबाखू सोडवण्यासाठीची ही राष्ट्रीय मोफत सेवा आहे, आणि पलीकडे समुपदेशक असतो.